सिपारियाची माई

सॅन फर्नांडो, त्रिनिदाद

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बाळाचं जावळ कुठे काढायचं यावरून तुमच्याकडे खल चाललाय, असं कळलं. मी त्यात पडत नाही. पण काल गुड फ्रायडेला इथे चर्चच्या आवारात जावळं काढताना पाहिली, ते सांगितल्याशिवाय राहवेना.

इथून दक्षिणेला सिपारिया गाव आहे. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये मेरीची सावळी लाकडी मूर्ती आहे. चर्चची ती 'ला दिविना पास्तोरा' म्हणजे दैवी मेंढपाळीण, हिंदूंची 'सिपारी माई'. अठराव्या शतकात स्पॅनिश मिशनरी इथे आले, तेव्हापासूनचं हे ठाणं. पुढे १८४५ ते १९१७ या काळात ऊसमळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून सुमारे १,४४,००० माणसं आणली गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडची. आपली मराठी त्यात नावालाच. देवळं मागे राहिलेली. या माणसांनी सावळी माई पाहिली आणि हात जोडले. आपल्या वांद्र्याच्या मोत माऊलीला कोण जात नाही, तसंच.

पवित्र गुरुवारी रात्रीपासूनच रीघ लागते. शुक्रवारी ख्रिस्ती लोकांचा दुखवटा, चर्चमध्ये त्यांची उपासना. म्हणून माईला शेजारच्या हॉलमध्ये नेतात. कुणी तांदूळ वाहतं, कुणी तेल, फुलं, मेणबत्त्या, तर कुणी अंगावरचा दागिनासुद्धा. बाहेर न्हावी बसलेले. एक पोरगं आजीच्या मांडीवर असं काही ताणून रडत होतं की न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला, त्याला चुटक्या वाजवून दाखवल्या आणि ते जरा गप्प झाल्यावर उरलेलं अर्धं डोकं उरकलं. आजी मात्र माईकडे बघत पुटपुटतच होती. एके काळी हे काही पाद्र्यांना खटकायचं म्हणे. खटकून उपयोग काय, लोक येतच राहिले. ख्रिस्ती भाविकांची मोठी मिरवणूक ईस्टरनंतर निघते, तेव्हा माई फुलांनी सजून गावभर फिरते.

येताना रस्त्यात 'बोबोली' दिसला. जुन्या कपड्यांत चिंध्या कोंबून केलेला जुडास, येशूला दगा देणारा त्याचा शिष्य. पोरं त्याला काठ्यांनी बडवत होती. हल्ली म्हणे त्याच्या गळ्यात पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्याही अडकवतात!

मंगळवारी शेजारच्या टोबॅगो बेटावर बुक्कू गावी बकऱ्यांची शर्यत असते, १९२५ पासूनची. जॉकी बकरीवर बसत नाही, दोर धरून मागे अनवाणी पळतो. तुझ्या बाबांना जायचंच आहे. बोटीने जाऊ म्हणतात. मला बोट लागते, हे ठाऊक असूनही.

तुझी,
आई