विद्यापीठावरचा अंधार राखा

महोदय,

वळवाचा ढग चढू लागला की आपण वाळत घातलेले कपडे उचलायला गच्चीवर धावतो. त्याच ढगाचा धक्का नव्वद-शंभर किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचू शकतो, हे मला शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर कळलं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून आपल्या डोक्यावरच्या या उंच हवेचा अभ्यास वर्षानुवर्षं होत आला आहे, हे किती कोल्हापूरकरांना ठाऊक असेल?

विज्ञान दिनाला या अभ्यासासाठी रात्रीचं सगळं आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं एक चित्र पाहिलं. काळसर गोल चकतीत सगळं आकाश मावलेलं आणि त्यात राखाडी पट्टे, थेट उसाच्या सरीच. पुढच्या चित्रात त्या जरा पुढे सरकलेल्या. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

दिवसा उन्हाने फुटलेले ऑक्सिजनचे रेणू रात्री पुन्हा जुळतात, तेव्हा साधारण ९७ किलोमीटरवर अगदी मंद हिरवा उजेड निघतो. त्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर. ढगाने वा डोंगराने वर ढकललेली हवा वजनाने खाली येते, पुन्हा उसळते. ही लाट, म्हणजेच गुरुत्व लहर, वर जाते आणि हवा विरळ होईल तसा तिचा झोका वाढतो. ती उजेडाच्या थरातून जाताना त्यात कमी-जास्त उजळ पट्टे उमटतात. शेवटी लाट फुटते आणि तिचा जोर तिथल्या वाऱ्यांना मिळतो. ध्रुवांवर त्या उंचीवरची हवा उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा गार असते, ती या लाटांमुळेच! (हिंगोलीच्या लायगो वेधशाळेत शोधल्या जाणार आहेत त्या गुरुत्वीय लहरी निराळ्या. या गुरुत्व लहरी हवेच्या आहेत.)

त्या चित्राची एक कड मात्र दुधाळ होती. तो शहराचा उजेड. जुन्या पिवळ्या दिव्यांचा बराचसा प्रकाश या हिरव्यापासून दूर असे. पांढऱ्या एलईडीत हिरवा ठासून भरलेला असतो, तो फिल्टरने कसा गाळणार? ढग आणि चांदणं नसलेल्या रात्री आधीच मोजक्या.

म्हणून विनंती आहे. विद्यापीठाच्या आसपासच्या रस्त्यांवरच्या दिव्यांना वरून टोप्या बसवाव्यात आणि नोव्हेंबर ते मे अमावस्येच्या आगेमागे जाहिरात फलकांवरचे झोत रात्री अकराला बंद व्हावेत. आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे दोन हॅलोजन आम्ही गेल्या महिन्यात खाली वळवले आहेत.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर