बिघाड हुकमी आणून दाखवणाऱ्या ताईंचे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तेव्हा ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितो आहे. दुसरंही एक कारण आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यात देणगीत आलेल्या संगणकांवर चालणाऱ्या अभ्यासिका आणि शाळा बऱ्याच आहेत. तुम्ही आमच्याकडे जे शोधून काढलंत ते त्यांच्याही कामाचं आहे, आणि ते नेमकं कसं शोधलंत हे तर जास्तच.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. कोपरीतल्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी आठवी ते बारावीची मुलं बसतात. संगणक जुने, एका ऑफिसातून निघालेले. ते फार रखडायला लागले तेव्हा वर्गणी काढून एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घातल्या. ज्यांनी काम केलं त्यांनी नीटच केलं. जुन्या ५०० जीबी हार्ड डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवली, मग जुनी डिस्क फॉरमॅट करून मुलांच्या फाइली ठेवायला आतच राहू दिली. सगळीकडे डेबियन लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. परीक्षांच्या तोंडावर काही हलू नये म्हणून वर्षभर अपडेट बंद असतात, मोठं अपग्रेड फक्त मे महिन्याच्या सुट्टीत.

आणि अपग्रेड झालं की बिघाड आलाच. डेबियनच्या आवृत्ती दहावरून अकरावर गेलो तेव्हा आला, अकरावरून बारावर गेलो तेव्हाही आला. अपग्रेड शेवटपर्यंत सुरळीत होतं, लाल अक्षरात एक ओळही येत नाही. मशीन रीस्टार्ट केलं की काळा पडदा, ‘सिम्बॉल अमुक-तमुक नॉट फाउंड’, खाली ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’ आणि त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ लिहून लुकलुकणारा कर्सर. (ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम.) सगळ्या मशीनवर नाही, काहींवरच. सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे जी मशीन खिळखिळी झाली होती ती धडाधड सुरू व्हायची, आणि धडधाकट होती तीच अडायची.

दहावीची मुलं जूनमध्ये यायची होती. समितीतल्या प्रत्येकाला घाई होती, ती रास्तही होती. फॉरमॅट मारा, मदरबोर्ड बघा, लिनक्सच काढून टाका, असे सल्ले आले. मागच्या अपग्रेडला एका जाणकाराने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ग्रब पुन्हा बसवून दिला होता. मशीन त्याच दिवशी सुरू झाली, सगळ्यांना हायसं वाटलं. यंदा तोच काळा पडदा परत आला तेव्हा कळलं की मूळ दुखणं तसंच आहे.

तुम्ही घणसोलीहून रविवारी आलात. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘मुलांसाठी बाकीची मशीन आजच चालू करून देते. पण एक बिघडलेलंच राहू दे. त्याला कुणी हात लावू नका.’

ताई, माझे आभार या वाक्याबद्दल आहेत. मदतीला येणारा माणूस बिघाड घालवायच्या मागे असतो, तुम्ही तो जपून ठेवलात. समितीतल्या एका काकांना ते पटलं नव्हतं. ‘चालू होतंय तर करून टाका ना’ म्हणाले. तुम्ही वाद घातला नाहीत. त्या मशीनवर कागद चिकटवलात, ‘बंद करू नये, सुरू करू नये’, आणि कामाला लागलात.

मग एफ१२ दाबून बूट मेनू, म्हणजे मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं याची यादी, उघडलात. यादीत दोन डिस्क होत्या, वर एसएसडी, खाली जुनी ५०० जीबीची. तुम्ही बाण खाली नेऊन जुनी डिस्क निवडलीत. मी शेजारीच उभा होतो. त्या डिस्कवर मुलांचे निबंध आणि विज्ञान प्रदर्शनाचे फोटो सोडून काही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी डेबियनचा निळसर मेनू आला आणि मशीन लॉगिनपर्यंत गेलं. मी आनंदाने ‘झालं!’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘चालू झालं. का झालं ते अजून कळलेलं नाही.’

त्या दिवशी तुम्ही फळ्यावर जे समजावलंत ते माझ्या शब्दांत मांडतो. जुन्या बायॉस पद्धतीत (बायॉस म्हणजे मदरबोर्डवरचा, मशीन उठवणारा प्रोग्रॅम) मशीन सुरू होताना डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचला जातो. त्यात कोडसाठी जागा जेमतेम ४४६ बाइट, म्हणून ग्रब तिथे फक्त छोटा तुकडा ठेवतो. तो तुकडा पुढच्या मोकळ्या जागेतला, पहिल्या पार्टिशनच्या (डिस्कच्या पहिल्या कप्प्याच्या) आधीचा, गाभा उचलतो. गाभा मग बूट फोल्डरमधली मॉड्यूल, म्हणजे ग्रबचे बाकीचे सुटे भाग, उघडतो आणि मेनू दिसतो. म्हणजे ग्रब दोन ठिकाणी राहतो: गाभा पार्टिशनच्या बाहेर, मॉड्यूल फोल्डरमध्ये. दोन्ही एकाच आवृत्तीची हवीत. मॉड्यूल नवं आणि गाभा जुना असेल, तर नवं मॉड्यूल गाभ्याकडे असं काहीतरी मागतं जे जुन्या गाभ्यात नसतंच. तोच तो ‘सिम्बॉल नॉट फाउंड’.

आता हा गाभा कुठल्या डिस्कवर लिहायचा, हे डेबियन पहिल्या इन्स्टॉलेशनला विचारतं आणि उत्तर डेबकॉन्फमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंगच्या वहीत, टिपून ठेवतं. टिपताना साधं ‘एसडीए’ (पहिल्या डिस्कचं तात्पुरतं नाव) लिहीत नाही, डिस्कचं मॉडेल आणि सीरियल नंबर असलेली कायमची ओळख लिहितं. एसएसडीवर नक्कल उतरली तेव्हा ही नोंदही जशीच्या तशी उतरली. त्यामुळे मशीन चालतं एसएसडीवरून, पण नोंदीत नाव जुन्या हार्ड डिस्कचं. घर बदललं तरी गॅस एजन्सीकडे जुनाच पत्ता असावा आणि जुन्या घरीही सिलिंडर उतरवून घेणारं माणूस हजर असावं, तसं. अपग्रेडमध्ये नवा गाभा जुन्या डिस्कवर गेला, नवी मॉड्यूल एसएसडीवरच्या फोल्डरमध्ये गेली, आणि शेवटी पडद्यावर आलं ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.’ त्या ओळीत खोटं काही नव्हतं. ज्या डिस्कवर लिहायला सांगितलं होतं, तिच्यावर ते व्यवस्थित लिहून झालं होतं.

जुन्या डिस्कवरून मशीन का उठलं, तेही यातूनच उलगडलं. नवा गाभा तिथेच पडलेला होता, आणि तिथून तो एसएसडीवरच्या नव्या मॉड्यूलपर्यंत बरोबर पोचत होता.

इथे दुसरं कुणीही थांबलं असतं, आणि कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही मात्र म्हणालात, ‘हा अजून अंदाज आहे. मला तो माझ्या लॅपटॉपवर घडवून बघायचाय.’ मला सगळ्यात जास्त त्यापुढची हकिकत सांगायची आहे.

तुम्ही व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला संगणक, बनवलंत, दोन डिस्क दिल्यात, जुनं डेबियन टाकलंत, नक्कल केलीत, पहिली डिस्क फॉरमॅट केलीत, अपग्रेड चालवलंत. मशीन छान सुरू झालं. बिघाड आलाच नाही. मी म्हणालो, मग अंदाज चुकला असेल. तुम्ही म्हणालात, अंदाज चुकला असेल किंवा माझी नक्कल अपुरी असेल, दोन्ही शक्य आहे. मग तुम्ही आमचं राखून ठेवलेलं मशीन आणि तुमचं व्हर्च्युअल मशीन शेजारी ठेवून एकेक नोंद ताडून पाहिलीत. फरक डेबकॉन्फच्या ओळीतच सापडला. आमच्याकडे मॉडेल आणि सीरियल नंबरसकट लांबलचक नाव, तुमच्याकडे नुसतं ‘व्हीडीए’, व्हर्च्युअल मशीनमधल्या पहिल्या डिस्कचं साधं नाव. व्हर्टआयओ प्रकारच्या व्हर्च्युअल डिस्कला आपण स्वतःहून सीरियल नंबर दिला नाही तर तो नसतोच, मग कायमची ओळख बनत नाही आणि डेबियन साधं नाव टिपतं. नक्कल केलेली डिस्क पहिल्या जागी लावली की तीच ‘व्हीडीए’ होते, आणि गाभा योग्य जागी जाऊन बसतो. बिघाड लपला होता तो असा.

तुम्ही दोन्ही डिस्कना सीरियल नंबर दिलेत आणि सगळं पहिल्यापासून केलंत. अपग्रेड, रीस्टार्ट, काळा पडदा. अक्षर न् अक्षर तेच. बिघाड बघून माणसाचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर स्नॅपशॉटवर (व्हर्च्युअल मशीनची आधी जपून ठेवलेली स्थिती) मागे येऊन तुम्ही फक्त ती एक नोंद बदललीत, बाकी कशालाही हात लावला नाहीत. बिघाड गेला. नोंद पूर्ववत केलीत, बिघाड परत आला. नववीतली दोन मुलं तोवर मागे येऊन उभी राहिली होती, त्यांनाही स्वतःच्या हाताने करायला लावलंत. त्यांच्या हातूनही तसंच झालं. ‘आता मी याला कारण म्हणेन,’ असं तुम्ही म्हणालात ते तेव्हा. विरोध करणारे काका पुढे सरकून विचारत होते, ‘परत एकदा दाखवा बरं.’

धडधाकट मशीनच का अडायची, याचंही उत्तर मिळालं. खिळखिळ्या मशीनमधली जुनी हार्ड डिस्क मरून गेलेली, काढून टाकलेली होती. तिथे अपग्रेड करताना पॅकेजला नोंदीतली डिस्क सापडली नाही, म्हणून त्याने थांबून विचारलं की ग्रब कुठे बसवू. आमच्या मुलांनी समोर दिसलेली एकमेव डिस्क निवडली, आणि ती मशीन सुटली. बाकीच्यांत जुनी डिस्क जिवंत, म्हणून प्रश्नच आला नाही.

एरवी वर्षानुवर्षं काही का होत नाही, तेही तुम्ही सांगितलंत. नवा कर्नल (लिनक्सचा मुख्य भाग) आला की ‘अपडेट-ग्रब’ फक्त मेनूची फाइल नव्याने लिहितं, गाभा आणि मॉड्यूल यांना हात लावत नाही. ग्रबचं पॅकेज स्वतः बदललं तरच हे वर येतं. जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ ही ग्रबमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, तिच्या दुरुस्तीचे अपडेट आले आणि जगभर अनेकांच्या पडद्यावर ‘ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’ उमटलं, ते याच जातीच्या जुन्या नोंदींमुळे, हे ऐकून आम्हाला धीर आला.

एक गोष्ट तुम्ही कटाक्षाने वेगळी काढलीत. हिशेबाच्या मशीनवर विंडोजही आहे, ते अपग्रेडनंतर मेनूतून नाहीसं झालं होतं. आम्ही ते याच बिघाडाच्या खात्यात टाकलं होतं. तुम्ही म्हणालात, तो बिघाड नाही. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. सेटिंगच्या फाइलमध्ये त्याची बंदी ‘फॉल्स’ करून ‘अपडेट-ग्रब’ चालवलं की विंडोज परत दिसतं. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या असत्या तर एकीचाही पत्ता लागला नसता.

ज्यांना आपल्याकडे तपासायचं आहे त्यांच्यासाठी: ‘डेबकॉन्फ-शो ग्रब-पीसी’ (debconf-show grub-pc) ही आज्ञा चालवा आणि ‘इन्स्टॉल डिव्हायसेस’च्या ओळीतली डिस्क खरोखर बूट होणारीच आहे ना, ते पाहा. नसेल तर ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-पीसी’ (dpkg-reconfigure grub-pc) चालवा. डिस्कची यादी आली की बाणाने एसएसडीवर जा आणि स्पेसबार दाबा. चौकटी कंसात तारा उमटला पाहिजे. नुसतं एंटर दाबलं तर निवड होत नाही, आमच्या मुलांना हे दोनदा सांगावं लागलं. जुन्या डिस्कसमोर तारा असेल तर तो काढा. बायॉसच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनची रचना वेगळी असते, तिथे हा उपाय लागू नाही.

आमच्या सगळ्या मशीनवर हे झालं. राखून ठेवलेलं मशीन शेवटी दुरुस्त केलं, तेही त्या दोन मुलांनी.

ताई, नोकरी सांभाळून, रविवार मोडून तुम्ही आलात, पैशाचं नाव काढू दिलं नाहीत, त्याबद्दल समितीच्या वतीने मनापासून आभार. माझे स्वतःचे आभार त्या व्हर्च्युअल मशीनबद्दल. तुम्ही ते पेनड्राइव्हवर ठेवून गेलात, सीरियल नंबर दिलेल्या दोन डिस्क आणि सगळ्या स्नॅपशॉटसकट. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. येत्या मे महिन्यात आम्ही त्यावर जाणार आहोत, पण आधी या मशीनवर अपग्रेड करून बघू. जुनी नोंद ठेवून एकदा, नवी ठेवून एकदा. मुलांनी त्याची यादी फळ्याच्या बाजूला लावलीसुद्धा आहे. जे निघेल ते तुम्हाला कळवतोच, आणि जमलं तर त्या रविवारी याच.

घरी सगळ्यांना नमस्कार.

आपला,
अभ्यासिकेचा संगणक विभाग सांभाळणारा एक कार्यकर्ता
कोपरी, ठाणे पूर्व