आधी कोठी, मग खुराडं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. खुराड्याचा आराखडा झकास काढला आहेस. अंडी घरची, धान्य वर्षाचं, बाजाराकडे पाठ, सगळं वाचलं. पण चार पानांत कोंबड्या खाणार काय, यावर एक ओळ नाही! म्हणून आज माझं पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. चार कोंबड्या धरल्यास, तर महिन्याला १३-१४ किलो आणि वर्षाला दीडशे किलोच्या वर. मोकळ्या सोडल्या की किडे-गवत टिपतील हे खरं, पण परसाचा लहानसा तुकडा त्या काही आठवड्यांत उकरून साफ करतात. खरकट्यावरही भिस्त ठेवू नकोस. त्यानं पोट भरतं, अंडं होत नाही. अंड्यासाठी खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात, शिवाय कॅल्शियम. एका अंड्याचं कवच ५-६ ग्रॅमचं असतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, हवा तेवढा ती आपण होऊन खाते. सांगायचं एवढंच की कोंबडी तुझ्या कोठीत भर घालायच्या आधी कोठी रिकामी करायला लागते. तू स्वयंपूर्ण व्हायचं म्हणतोस आणि तिचं पोतं दर महिन्याला बाहेरून आणणार असशील, तर तू फक्त अंड्यांच्या ऐवजी खाद्याचा गिऱ्हाईक झालास.

म्हणून कोठीपासून सुरुवात कर. साठवणीचा खरा शत्रू ओल. धान्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा. मापायला यंत्र नसलं तरी दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे, चेपला तर परत उन्हात. पोरकिडे आणि सोंडे बाहेरून येतात असं आपण समजतो, पण त्यांची अंडी बहुतेक वेळा धान्यासोबतच घरात आलेली असतात. थोडं धान्य असेल तर डीपफ्रीजमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवलं की तीही मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, गार दाण्यांवर हवेतलं पाणी धरतं आणि केलेली मेहनत वाया जाते. जास्त धान्याला घट्ट झाकणाचे, हवा न शिरणारे डबे. आणि हो, पॉलिश केलेला तांदूळ असा वर्षानुवर्षं राहतो, पण बिनपॉलिशचा तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे काही महिन्यांतच खवट होतो. तब्येतीला चांगला म्हणून त्याचीच बेगमी करून ठेवशील, तू तसा आहेस.

आता इथे कोंबड्या आणि कोठी एकमेकांत गुंततात. सोंडे लागलेलं धान्य कोंबड्यांना खुशाल घाल, किड्यांसकट आवडीनं खातील. बुरशी लागलेलं मात्र अजिबात नाही. ‘माणसाला नको, कोंबडीला चालेल’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि ऐकलं की डोकं फिरतं. मका, शेंगदाणे यांवरच्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृत खराब करतं, उकळून जात नाही, आणि कोंबडीच्या पोटातून त्याचा काही अंश अंड्यातही उतरू शकतो. दळलेलं तयार खाद्य तर महिन्याभराच्या वर साठवूच नये. दाणे अख्खे ठेव, लागतील तसे भरडून घे.

दुसरी गोष्ट अंड्यांच्या हंगामाची. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, साधारण पाच महिन्यांची झाली की अंड्यावर येते. भरात असताना चार चांगल्या कोंबड्या आठवड्याला वीसेक अंडी देतील, तू वाटून वाटून थकशील. मग दिवस लहान होतात. उजेडाचे तास कमी झाले की अंडी घटतात, पिसं झडायला लागली की महिना-दोन महिने जवळजवळ बंदच. एखादी अंडी उबवायला खुडूक बसते, ती वेगळीच. तेव्हा भरातल्या अंड्यांची बेगमी करायला शीक. न धुतलेलं अंडं जास्त टिकतं, कारण कवचावरचा नैसर्गिक लेप छिद्रं बंद ठेवतो. धुतलंस तर फ्रीजमध्येच ठेव. त्याहून लांबवर न्यायचं तर फेटून, चिमूटभर मीठ घालून गोठव, म्हणजे पिवळा बलक चिकट होत नाही. चुन्याच्या पाण्यातली जुनी पद्धत तू लिहिली आहेस. ती पूर्वी चालत असे हे खरं, पण अन्नसुरक्षेची जाणकार मंडळी आता ती सुचवत नाहीत. गोठवायची सोय असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

तुझ्या साठवणीच्या यादीत शिजवलेल्या शेंगा बाटलीत भरून उकळून ठेवायचं म्हणतोस, ते मात्र खोडून टाक. आंबट नसलेल्या, म्हणजे पीएच ४.६ च्या वरच्या पदार्थात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे बीजाणू साध्या उकळण्यानं मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली ११६ अंशांच्या वर तापवावं लागतं आणि तशी उपकरणं वेगळी असतात. वासावरून, चवीवरून कळेल या भरवशावर राहू नकोस, अनेकदा कळत नाही. शेंगा वाळव किंवा गोठव.

खुराड्याबद्दल थोडंच सांगतो, बाकी आराखडा ठीक आहे. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली चौकोनी जाळी, लाव आणि ती जमिनीतही वीतभर जाऊ दे. रात्री खाद्याचं भांडं उचल, नाहीतर उंदीर वस्तीला येतील आणि मग तुझी धान्याची खोलीही त्यांचीच. खाली भुसा कोरडा ठेवलास तर वास येत नाही. कोंबडा नको. अंड्यासाठी त्याची गरज नसते आणि शेजाऱ्यांशी तुझं आधीच फार बरं नाही.

आणखी एक विचारायचं होतं. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात, पण कोंबडी पुढे चार-पाच वर्षं सहज जगते. त्या म्हाताऱ्यांना कोठीतून पोसणार की कापणार, हे वहिनींशी आताच बोलून घे. मी पोसतो. हिशेबात बसत नाही, तरी पोसतो.

तीन महिन्यांचं खाद्य घरात कोरडं राहतंय हे दिसलं की मग तलंगा आण. जाळी बसवायला मी येईन. पत्रा कापायची कात्री आणि तारेची पक्कड माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
जुना दोस्त