ऑट्यूनाइट हलवण्याआधी

सातारा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या कपाटातला पिवळा ऑट्यूनाइट, म्हणजे युरेनियम असलेला किरणोत्सारी खडा, तू हलवणार आहेस, म्हणून घाईनं लिहिते आहे. तो अंतरानं आटोक्यात राहतो: 10 सेंटीमीटरवर किरणांचा जेवढा मारा, त्याचा साधारण शंभरावा हिस्सा 1 मीटरवर. भीती धर ती त्याच्या भुग्याची.

ऑट्यूनाइट म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम-युरेनिल फॉस्फेट. कोरड्या हवेत पाणी उडालं की त्याचा मेटा-ऑट्यूनाइट होतो, पापुद्रे सुटतात आणि खाली पिवळी पूड पडते. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला मुळीच मानवत नाही. त्यातून निघणारे अल्फा किरण बाहेरून कातडीही भेदत नाहीत, पण पूड श्वासात गेली तर फुप्फुसाच्या पेशींना तेच जाळतात. आपले स्टिल्बाइटचे साधे खडे तू नळाखाली ब्रशनं घासतेस, तसं इथे करायचं नाही. फुंकर नको, झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. तो पूड खोलीभर उडवतो. दगड जिभेला लावून बघायची भूशास्त्रवाल्यांची खोड इथे पूर्ण विसर.

कपाट उघडण्याआधी खिडक्या उघड. नायट्राइलचे हातमोजे आणि एन-95 मास्क घाल. खाली ओला कागद अंथर, तळहातावर तोलून खडा झाकणाच्या ॲक्रिलिक डबीत ठेव. मग अंधार करून 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च फळीवर फिरव. सांडलेला प्रत्येक कण पोपटी-हिरवा चमकेल. तो ओल्या टिश्यूनं टिपून घे, आणि चमक उरली नाही असं दिसेपर्यंत टिपत राहा. टिश्यू, मोजे, कागद सगळं एका पिशवीत बंद करून डबीशेजारीच ठेव. घंटागाडीत टाकू नकोस.

डबी बंद राहिली की आत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो. म्हणून झाकण नेहमी गच्चीवर, स्वतःचं तोंड लांब ठेवून उघड. खडा काढल्यावर रिकामी डबीही गायगर काउंटरवर (किरणोत्सार मोजायच्या यंत्रावर) टकटकते, त्यानं दचकू नकोस. रेडॉनमधून तयार झालेले किरणोत्सारी शिसं आणि बिस्मथ आतून चिकटलेले असतात. त्यांचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे होण्याचा वेळ, 27 आणि 20 मिनिटांचा. म्हणून चार तासांनी पुन्हा मोज. आकडा घरातल्या नेहमीच्या पातळीवर आला तर ठीक, नाही आला तर आत पूड आहे असं समज आणि पुसून घे. (त्याच डबीत दुसरा नमुना कधीच ठेवू नये.)

निजायच्या खोलीत ठेवायचं नाही. झाकणावर नाव आणि 'किरणोत्सारी' असं ठळक लिही, भाचरांचा हात पोहोचणार नाही असं बघ.

एक मात्र नक्की पाळ. कायद्यानुसार युरेनियम हे विहित द्रव्य, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचं द्रव्य आहे. म्हणून कुणी कितीही मागितलं तरी विकायचं नाही, कुरिअरनं पाठवायचं नाही, एसटीतून पुण्याला न्यायचं नाही. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला नमुन्याचं वर्णन, फोटो आणि काउंटरचे आकडे लिहून कळव, आणि ते सांगतील तसंच कर. पत्राचा मसुदा मला दाखव, मगच पाठव.

तुझी,
आई