मागच्या पंखावरचे ठिपके मोज

प्रिय सई,

तुझ्या त्या नारिंगी फुलपाखराचे फोटो मोबाईलवर पार मोठे करकरून बघितले. फुलपाखरं ओळखायचं ॲप म्हणतंय प्लेन टायगर, आणि तुला ते पटत नाहीये, काहीतरी वेगळं वाटतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये, तर तुझी शंका बरोबर आहे गं. तो प्लेन टायगर नाहीच. ती डॅनेड एगफ्लायची मादी आहे, प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल, आणि पक्षी फसतात तिथे ॲपने काय करावं!

आता ओळखायचं कसं ते सांगते. तो पंख पूर्ण उघडून बसलेला फोटो घे. नारिंगी रंग, पुढच्या पंखाचं काळं टोक, त्यावरचा पांढरा पट्टा, हे सगळं दोघांचं सारखंच असतं त्यामुळे तिकडे बघूच नको, सगळे तिथेच अडकतात. सरळ मागच्या पंखावर ये. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार, त्यातला चौथा जरा मोठा असतो कारण ती नुसती खूण नाही तर नराची गंधाची पिशवी असते. तुझ्या फोटोत किती आहेत? मला एकच दिसतोय आणि तोही मध्यावर नाही, पंखाच्या वरच्या कडेला चिकटून. झालं, एगफ्लाय. शिवाय मागच्या पंखाची किनार बघ, प्लेन टायगरची बरीचशी गुळगुळीत असते आणि हिची जरा दातेरी, पण पंख फाटका असेल तर किनारीवर भरवसा ठेवायचा नाही, ठिपकेच मोजायचे. पंख मिटलेले असले तरी चालतं, हे ठिपके खालच्या बाजूनेही दिसतात.

आता नक्कल कशाला, तर प्लेन टायगरची अळी रुईच्या कुळातली चिकाची झाडं खाते, त्या चिकातलं विष अंगात साठवते आणि ते फुलपाखरू झाल्यावरही राहतं. पक्ष्याने एकदा चोच मारली की तोंड कडू, कधी कधी उलटीसुद्धा, मग तो पुढच्या वेळी त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून तर प्लेन टायगर एवढा निवांत उडतो, त्याला घाई कसली. एगफ्लायच्या अंगात असलं काही संरक्षण नाही, ती नुसता कपडा घालून मिरवते. हेन्री बेट्स नावाचा इंग्रज माणूस १८४८ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात गेला आणि अकरा वर्षं तिथे फुलपाखरं गोळा करत राहिला, त्याने १८६२ मध्ये ही भानगड पहिल्यांदा नीट मांडली, म्हणून याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात. यात एक अट आहे. नक्कल करणारे फार वाढून चालत नाही, कारण मग पक्ष्यांना नारिंगी पण चवीला बरी अशीच फुलपाखरं जास्त सापडणार आणि धाक संपणार. प्लेन टायगर तुला नेहमी दिसतो आणि ही एवढी क्वचित दिसली, त्याचं हे एक कारण असू शकतं.

मला सगळ्यात मजा वाटते ती नराची. एगफ्लायचा नर अजिबात नक्कल करत नाही, तो काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांच्याभोवती निळसर जांभळी झाक. दोघं शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. असं का याची कारणं लोक वेगवेगळी देतात, अंड्यांनी जड झालेल्या मादीला संरक्षण जास्त लागतं हे एक, आणि नराने रूप बदललं तर मादी त्याला ओळखणार नाही हे दुसरं. मला दुसरं जास्त पटतं, पण ते माझं मत.

खात्री करायची असेल तर अळ्या शोध. एगफ्लायची अळी घोळीसारख्या जमिनीलगतच्या वनस्पतींवर असते, काळपट आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे. प्लेन टायगरची रुईवर असते, तिच्यावर काळे, पांढरे, पिवळे आडवे पट्टे आणि काट्यांऐवजी मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, त्यामुळे दोघींची गल्लत होणं अवघडच. आणि हो, बागेतली घोळ तण म्हणून उपटून टाकू नकोस एवढ्यात.

ॲपवर नाव बदलताना नुसतं नाव टाकू नको, ठिपक्याचा क्लोजअप जोड आणि खाली कारण लिही, नाहीतर कोणीतरी येऊन परत प्लेन टायगर करून जाईल. नरावरही लक्ष ठेव. तो आपली एक जागा धरून बसतो, दुसरं फुलपाखरू आलं की त्याच्या मागे लागतो आणि परत त्याच जागेवर येतो, त्यामुळे पाठलाग करायची गरज नाही, जागा कळली की तिथेच थांबायचं. फोटो मात्र दोन-तीन अँगलने काढ, ती जांभळी झाक रंगद्रव्याची नसते, खवल्यांवरून प्रकाश परतताना तयार होते, त्यामुळे एका बाजूने नुसता काळा दिसतो आणि जरा सरकलं की चमकतो.

तुझी,
आई