मागच्या एकादशीला आजोबा कसे होते?

पुणे,
दि. १४ नोव्हेंबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेल्या वृद्ध रुग्णांच्या केसपेपरवर आम्ही ‘सीएफएस ६’, म्हणजे जर्जरतेच्या मोजपट्टीवरची सहावी पायरी, असे का लिहितो, हे तू विचारले होतेस. फोनवर दोन वाक्यांत सांगता आले असते. परंतु या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती तुला सविस्तर सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीत ब्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांना त्यांचा मुलगा घेऊन आला. दोन दिवसांपासून ते जेवत नाहीत आणि पडून असतात, एवढीच तक्रार होती. ताप नव्हता, नाडी ७६, रक्तदाब ११०/७०. मी सलाईन लावले, ‘अशक्तपणा’ असे लिहिले आणि पहाटे त्यांना घरी सोडले. तिसऱ्या दिवशी ते न्यूमोनियाने ग्लानीत परत आले. त्यांचा रक्तदाब एरवी १६० च्या घरात असे, म्हणजे माझ्यासमोरचा ११० हा घसरलेला होता; मेटोप्रोलॉलच्या गोळीमुळे नाडी वाढू शकत नव्हती; आणि या वयात संसर्ग असूनही ताप न येणे नवलाचे नाही. हे सारे मला ठाऊक होते. आजारापूर्वी आजोबा कसे होते, हे मात्र मी विचारलेच नव्हते. ते रोज देवळापर्यंत एकटे चालत जात, असे मुलाने नंतर सांगितले. असा माणूस दोन दिवसांत अंथरूण धरतो, तेव्हा त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देता येत नाही.

कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे केनेथ रॉकवुड आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये मांडलेली क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, म्हणजेच सीएफएस, नेमके हेच विचारायला लावते. आता तिच्या ९ पायऱ्या आहेत. पहिलीवर ठणठणीत माणूस, पाचवीवर पैशाचे व्यवहार आणि औषधे सांभाळायला मदत लागणारा, सहावीवर जिन्याला आणि आंघोळीला आधार लागणारा, सातवीवर स्वतःच्या देखभालीसाठी पूर्णपणे इतरांवर अवलंबून असणारा. पायरी ठरवायची ती दोन आठवड्यांपूर्वीच्या स्थितीवरून, कारण कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर आलेला प्रत्येक वृद्ध गलितगात्रच दिसतो.

आपल्याकडे हे प्रश्न जसेच्या तसे चालत नाहीत. ज्या आजींनी आयुष्यात कधी बँकेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्या व्यवहाराविषयी विचारून काय कळणार? म्हणून मी विचारतो की भाजी त्या निवडतात का, जमिनीवर बसून आपल्या आपण उठतात का, गोळ्या कोण काढून देते. आणि ‘दोन आठवड्यांपूर्वी’ म्हटले की नातेवाईक गोंधळतात; ‘मागच्या एकादशीला आंघोळ त्यांची त्यांनी केली होती का?’ असे विचारले की सून क्षणात नेमके उत्तर देते.

भ्रम, म्हणजे डिलिरियम, तपासतानाही असेच होते. फोरएटी चाचणीत जन्मतारीख विचारतात, पण आपल्या कितीतरी वृद्धांची जन्मतारीख शाळामास्तरांनी लिहिलेली १ जून असते, आणि शाळेत न गेलेल्यांना तीही नसते. लक्ष टिकते का हे पाहण्यासाठी महिने उलटे म्हणायला सांगायचे असते. ज्यांना ते जमत नाही त्यांना मी वार उलटे म्हणायला सांगतो. बडबडणारा, सलाईन उपसणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. भ्रम झालेला पण गप्प पडून राहिलेला रुग्ण मात्र ‘शांत झोपलेत’ या शब्दांखाली निसटतो, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

हा आकडा उपचार नाकारण्यासाठी वापरला जाईल, ही तुझी शंका रास्त आहे. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस संस्थेने कोविडच्या अतिदक्षता उपचारांच्या निर्णयात ही स्केल वापरायला सांगितले, आणि ती तरुणांना किंवा दीर्घकाळचे स्थिर अपंगत्व असलेल्यांना लावू नये, अशी दुरुस्ती त्यांना काही दिवसांतच करावी लागली. आमच्याकडे सहा किंवा सात लिहिले गेले, की त्या रुग्णाला ताटकळत ठेवायचे नाही, गरज नसताना लघवीची नळी घालायची नाही, सगळ्या गोळ्या तपासायच्या, लवकरात लवकर पायांवर उभे करायचे आणि पुढे काय अपेक्षित आहे ते घरच्यांशी बसून बोलायचे, असा आमचा ठराव आहे. गर्दीच्या रात्री तो पुरता पाळला जात नाही, हेही तुला सांगितले पाहिजे.

आता माझी एक विनंती. आम्ही ज्यांना प्रथमच पाहतो, त्यांना तू वीस वर्षे ओळखतोस. तेव्हा यापुढे चिठ्ठीत निदानाखाली एक ओळ वाढव: मागच्या एकादशीला हे काय काय स्वतः करत होते, आणि यांचा नेहमीचा रक्तदाब किती.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत