शेकोटीजवळच्या तीन खुर्च्या

॥ श्री ॥

स्कारबरो, टोरोंटो
१४ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्या नातीने फोनवर विचारलं, "मावशीआजी, ‘किम्स कन्व्हिनिअन्स’ मालिकेतलं दुकान तुमच्या टोरोंटोत खरंच आहे का?" मी ‘आहे की’ म्हणेपर्यंत तुमच्याकडची लाइट गेली आणि फोन तिथेच राहिला. विषय मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. इतक्या वर्षांत मी तुला बर्फाचं लिहिलं, मुलांच्या शाळांचं लिहिलं, इथल्या भाज्यांचंसुद्धा लिहिलं. टीव्हीबद्दल एक ओळ लिहिली नाही. आणि खरं सांगते, पहिल्या हिवाळ्यात मला सावरलं ते ह्यांनी आणि टीव्हीवरच्या दोन माणसांनी.

जानेवारी १९८१. अकरावा मजला, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. ह्यांची पहिली पाळी, पहाटे पाचला घराबाहेर पडायचे. थोरली सव्वा वर्षाची. घर खायला उठायचं. ह्यांनी कुठूनसा एक जुना टीव्ही आणला होता, तो मी आवाजासाठी लावून ठेवायची. तर सकाळी सीबीसीवर, म्हणजे इथल्या सरकारी वाहिनीवर, ‘द फ्रेंडली जायंट’ हा मुलांचा कार्यक्रम लागायचा, पंधरा मिनिटांचा. आधी खेळण्यातलं गाव दिसायचं, घरं, शेतं, आणि मग त्यात एक भलामोठा बूट. वर बघा, अजून वर, अगदी वर, असं कुणीतरी सांगायचं आणि आपण त्या राक्षसाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायचो. राक्षस कसला, एखाद्या मायाळू मास्तरांसारखा माणूस! मग त्याच्या किल्ल्याचा पूल खाली यायचा, दार उघडायचं, आत शेकोटी. एक मोठा हात यायचा आणि शेकोटीजवळ इवल्या इवल्या खुर्च्या मांडायचा. एक छोटी, एकट्यासाठी. एक मोठी, दोघांना मिळून बसायला. आणि मध्ये झुलती, ज्याला झुलायला आवडतं त्याच्यासाठी.

आक्का, या देशात तोवर मला कुणी ‘ये, बस’ म्हटलं नव्हतं.

पुढे फार काही घडायचं नाही. भिंतीला अडकवलेल्या पिशवीतून रस्टी नावाचा कोंबडा डोकं काढायचा, खिडकीतून जेरोम जिराफ मान आत घालायचा, तिघं गप्पा मारायचे, गोष्ट वाचायचे, राक्षस बासरीसारखं एक वाद्य वाजवायचा. शेवटी तोच हात खुर्च्या उचलून ठेवायचा, पूल वर जायचा, आणि आकाशात गाय चंद्रावरून उडी मारायची. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाला हसत नाही. कॉलेजात वाचलेलं इंग्रजी मला इथे कानाने कळायला लागलं, कारण तो माणूस एक वाक्य बोलून थांबायचा. त्याचं नाव बॉब होम. तो मूळचा अमेरिकेतला, विस्कॉन्सिनचा, हे मला पुष्कळ नंतर कळलं. १९५८ पासून १९८५ पर्यंत त्याने या देशातल्या मुलांसाठी खुर्च्या मांडल्या. मुलांच्या कार्यक्रमांत याच्या तोडीचं मी पुन्हा काही पाहिलं नाही.

थोरली मोठी झाल्यावर काडेपेट्यांच्या खुर्च्या करून मांडायची. एक आजीची, एक आक्कामावशीची. तिने तुला तेव्हा पाहिलेलंही नव्हतं.

दुसरा माणूस म्हणजे ‘मिस्टर ड्रेसअप’. अर्नी कूम्ब्स. हाही अमेरिकन, मेन राज्यातला, १९६३ मध्ये इकडे आला. याच्याजवळ रंगवलेली एक मोठी पेटी होती. ती उघडली की कोळी, शिपाई, स्वयंपाकी, जे व्हायचं त्याचा पोशाख आत तयार, आणि तो नेमका अंगाला बसायचा. मागे झाडावरचं घर. त्यात केसी नावाचं मूल आणि फिनेगन नावाचा कुत्रा, दोघंही बाहुल्या. फिनेगन मोठ्याने कधी बोलायचा नाही, जे काय ते केसीच्या कानात.

त्या केसीने मला चांगलंच अडचणीत आणलं होतं. मी थोरलीला सगळं मराठीत सांगायची. पण केसी आला म्हणू की केसी आली? कार्यक्रमात ते कधीच सांगत नसत. इंग्रजी ऐकणाऱ्या आईला हा प्रश्न पडला नसेल, आपल्या क्रियापदाला मात्र पहिल्या वाक्यातच उत्तर हवं. शेवटी मी ‘केसी आलं, केसी रुसलं’ म्हणायला लागले, लेकरू म्हणतो तसं. थोरली अजूनही केसीबद्दल बोलताना ‘ते’च म्हणते. बाहुल्या चालवणाऱ्या ज्युडिथ लॉरेन्सबाईंनी हे मुद्दाम मोघम ठेवलं होतं, असं पुढे वाचलं तेव्हा मला केवढं बरं वाटलं!

हा कार्यक्रम १९९६ पर्यंत चालला. नंतर कूम्ब्स कॉलेजांत जायचे आणि विशीतली ती मुलं त्यांना बघून रडायची. रंगखडूंना टोक ठेवा, चिकटपट्टी गुंतू देऊ नका, मार्करचं टोपण लावायला विसरू नका, असं ते त्यांना सांगायचे. सप्टेंबर २००१ मध्ये ते गेले. त्या दिवशी मी आणि थोरली फोनवर नुसत्या गप्प होतो.

रविवारी संध्याकाळी ‘बीचकोम्बर्स’ ही मालिका. पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गिब्सन्स म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, तिथली गोष्ट. मोळ्यांतून सुटून समुद्रात वाहत जाणारे लाकडाचे ओंडके बोटीने गोळा करायचे आणि विकायचे, हा धंदा. नायक निक हा ग्रीक, त्याचा जोडीदार जेसी तिथल्या आदिवासींपैकी. मालक आणि गडी नव्हे हं, भागीदार. १९७२ मध्ये हे दाखवणं साधं नव्हतं. जेसीचं काम करणारा पॅट जॉन हाही त्याच किनाऱ्यावरच्या लोकांतला. गोष्टी पुष्कळदा बेताच्या असायच्या, पण ते धुकं आणि ती मालिकेतली पिवळी खानावळ ‘मॉलीज रीच’ बघायला मी बसायचीच. एकदा ह्यांना घेऊन गिब्सन्सला जाऊन आले, इमारत डोळे भरून पाहिली.

ह्यांचा वार शनिवार. बर्फावरच्या हॉकीचे सामने दाखवणाऱ्या ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ची धून सुरू झाली की जेवण बैठकीत. मला खेळ फारसा कळला नाही, पण २००८ पासून त्याचं पंजाबीतही समालोचन होऊ लागलं, आणि ते ऐकताना आमच्या इमारतीतले सरदारजी आजोबा खुर्चीवरून उठून उभे राहायचे, ते माझ्या लक्षात आहे.

‘कॉर्नर गॅस’ ही मालिका तुला आवडेल. सॅस्कॅचवान प्रांतातलं सपाट माळरान, एक पेट्रोल पंप, एक खानावळ, आणि दिवसभर चालणाऱ्या बिनकामाच्या गप्पा. पारावरच बसल्यासारखं वाटतं.

आता नातीचा प्रश्न. तिला सांग, दुकान खरं आहे. क्वीन स्ट्रीट ईस्टवर ‘मिमी व्हरायटी’ नावाचं दुकान होतं, मालिकेत बाहेरून दिसतं ते तेच. आतलं सगळं स्टुडिओतलं. इन्स चोईने आधी नाटक लिहिलं, २०११ मध्ये ते टोरोंटोत झालं, त्यावरून २०१६ मध्ये मालिका आली.

पहिला भाग लागला आणि मुलीने काउंटरमागच्या बापाला हाक मारली, "आप्पा!" माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कोरियन लोक बापाला आप्पा म्हणतात, मला कुठे माहीत होतं! आणि आप्पा तरी कसे? त्यांचं काम करणारा पॉल सन-ह्युंग ली काउंटरवर हात टेकून, भुवया चढवून गिऱ्हाइकाकडे बघतो ना, ते गावभागातले आपले आप्पा. उधारीवरून वाद, किमतीवरून वाद, आणि गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्याच घरची काळजी. मुलगा घर सोडून गेलेला, बाप त्याचं नाव काढत नाही, आई लपूनछपून भेटते. आपल्या दादाच्या वेळी आईने दुसरं काय केलं?

माझी एक तक्रार आहे. सहावं पर्व होणार असं जाहीर झालं होतं, आणि २०२१ मध्ये पाचव्यावरच संपवलं. बाप-लेकाचं मनातलं बोलणं अर्धंच राहिलं असं मला वाटतं. आईचं काम करणाऱ्या जीन यून यांनी नंतर उघड सांगितलं, की लिहिणाऱ्यांत कोरियन माणसं पुरेशी नव्हती. मला ते पटलं. शेवटच्या पर्वात आई-आप्पांच्या बोलण्यातली घरची चव कमी झाली होती. दुकानदाराच्या मुलीला ते कळतं.

आपलं दुकान बंद झालं त्या वर्षी मला येता आलं नाही. आप्पांचा तो गल्ला आणि मागची गणपतीची तसबीर, दोन्ही दिसतील असा एखादा फोटो तुझ्या कपाटात आहे का, बघशील? नातीला सांग, मोबाइलवर काढून पाठव म्हणावं. मोठा छापून आणेन.

गुडघ्याला तेल लावत जा. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी